नऊचा भोंगा नऊला वाजला

त्या सोमवारी पिंपळकोंड नगरपंचायतीचा नऊचा भोंगा बरोबर नऊ वाजता वाजला आणि सगळ्या गावाचा घोळ झाला.

बाहेरच्या माणसाला यात घोळ कसला ते कळायचं नाही. नऊचा भोंगा नऊला नाही तर काय साडेनऊला वाजणार? पण कर्जत आणि चौकच्या मधल्या या गावात नऊचा भोंगा गेली तीस वर्षं नऊला आठ कमी असतानाच वाजत आला होता. गाव आधी ग्रामपंचायत होतं, पुढे नगरपंचायत झालं, पत्र्याच्या ऑफिसाची दुमजली इमारत झाली, पण छपरावरचा भोंगा तोच राहिला. खोपोलीकडच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून तो आणला होता, आणि त्याचा आवाज असा की बहिरे म्हातारेसुद्धा मान वर करून बघायचे. गावातली सगळी घड्याळं त्याच्यावर लावलेली. मोबाईल आले तेव्हा आता भोंग्याला कोण विचारतो असं काही शहाण्यांना वाटलं. पण गावाने भोंगा सोडला नाही, उलट मोबाईललाच वळण लावलं. मोबाईलमध्ये आठ बावन्न झाले की पिंपळकोंडात नऊ वाजत. मोबाईलच्या वेळेला लोक ‘मुंबईचा टाइम’ म्हणत आणि तो मुंबईच्या कामापुरताच वापरत.

हा भोंगा वाजवायचा दशरथ भोईर. नगरपंचायतीचा शिपाई, साठीला टेकलेला, महिनाअखेरीला निवृत्त होणारा. मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर भिंतीवर एक मोठं घड्याळ, घड्याळाखाली दशरथचं स्टूल आणि स्टुलाच्या बाजूला भोंग्याचं लाल बटण. घड्याळात नऊ वाजले की दशरथ उभा राहायचा, डोक्यावरची टोपी सारखी करायचा आणि बटण दाबायचा. ते घड्याळ आठ मिनिटं पुढे आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. का पुढे आहे, ते मात्र एकट्या दशरथला ठाऊक होतं आणि त्याला ते कुणी कधी विचारलं नव्हतं.

विचारलं नाही ते नाहीच, पण तक्रार केली. गावाबाहेरच्या बंगल्यांच्या वसाहतीत सबनीस म्हणून एक गृहस्थ मुंबईहून कायमचे राहायला आले होते. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ वेळ दाखवायचं, पावलं मोजायचं आणि छातीचे ठोकेही मोजायचं. अशा माणसाला आठ मिनिटांचा फरक सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांनी सरकारी पोर्टलवर लिहिलं, ‘नगरपंचायतीचा भोंगा दररोज आठ मिनिटे लवकर वाजतो. ही नागरिकांची दिशाभूल आहे.’ पोर्टलवरच्या तक्रारीला उत्तर द्यावंच लागतं, आणि ते द्यायचं काम मुख्याधिकाऱ्यांचं.

मुख्याधिकारी म्हणजे गावाचा गाडा प्रत्यक्ष हाकणारा सरकारी अधिकारी. नगराध्यक्षांनी हार घालून घ्यायचे आणि मुख्याधिकाऱ्यांनी शिव्या खायच्या, अशी साधारण वाटणी असते. पिंपळकोंडाला तीन महिन्यांपूर्वी हर्षला निकम नावाच्या मॅडम आल्या होत्या. तिकडच्या नाशिकच्या, वय पस्तिशीचं. दशरथने आजवर सात साहेब बघितले होते आणि सातांपैकी एकाच्याही चपलेला गावाची धूळ लागलेली त्याने पाहिली नव्हती. या बाई पहिल्याच आठवड्यात बादली आणि मोबाईल घेऊन गल्लीगल्लीत गेल्या आणि कुठल्या नळाला बादली किती वेळात भरते ते स्वतः मोजून आल्या. बाजारपेठेतलं गटार कुठं तुंबतं ते त्यांनी इंजिनिअरला विचारलं नाही, झाडूवाल्या बायकांना विचारलं. त्यातून एक गोष्ट अशी झाली की ते गटार खरंच वाहायला लागलं. दशरथला या बाई आवडायच्या. त्यांच्याच राज्यात आपण सुखाने निवृत्त होणार, याचा त्याला आनंद होता.

शुक्रवारी संध्याकाळी मॅडम तक्रारीचा कागद घेऊन स्वतःच बाहेर आल्या.

“दशरथमामा, हे घड्याळ आठ मिनिटं पुढे आहे?”

“हाय, मॅडम.”

“किती दिवसांपासून?”

“झाली की तीसेक वर्सं.”

मॅडमना हसू आलं. “मग पुष्कळ धावलं बिचारं. सोमवारपासून बरोबर वेळेवर चालू दे त्याला.”

दशरथने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला, बाजारपेठेत पाण्याचा पाइप फुटला होता. मॅडम गाडी न मागवता तशाच चालत निघाल्या आणि दशरथने तोंड मिटलं. साहेबाने सांगायचं आणि शिपायाने करायचं, एवढं त्याला नोकरीने शिकवलं होतं. त्याने स्टुलावर चढून घड्याळाचा काटा मागे घेतला. काटा मागे घेताना त्याला फार वाईट वाटलं.

सोमवारी भोंगा वाजला आणि घोळाला सुरुवात झाली. फाट्याजवळ गजाचं हॉटेल होतं. भोंगा झाला की गजा कढईत वडे सोडायचा, म्हणजे नऊच्या गिऱ्हाइकाला गरम वडा मिळायचा. त्या दिवशी गिऱ्हाईक आलं तेव्हा वडे परातीत अजून कच्चे गोळेच होते. शाळा सरकारी टाइमवर, तिथं बाईंनी मोबाईल बघून नऊला घंटा दिली. निम्मी पोरं भोंग्याची वाट बघत घरीच होती. ती नंतर धापा टाकत आली आणि एवढी पोरं एकदम उशिरा आल्यावर शिक्षा कुणाकुणाला करायची, या विचारात पहिला तास गेला.

मंगळवारपर्यंत गावात दोन तट पडले. भोंगा मागे गेला म्हणून निम्म्या गावाने घड्याळं आठ मिनिटं मागे केली आणि निम्म्या गावाने केली नाहीत. कुणी वेळ सांगितली की ‘जुना टाइम की नवा?’ असं विचारायची पाळी आली. एका घरात मुलाने घड्याळ मागे केलं, मग ते अजून केलेलं नाही असं समजून बापाने मागे केलं, आणि ते घर सोळा मिनिटं मागे पडलं. त्या घरची सून मैत्रिणीच्या साखरपुड्याला पोचली तेव्हा पेढे संपले होते. तिने दोन दिवस दोघांशीही बोलणं टाकलं.

पण सगळ्यात मोठी गंमत झाली ती खुद्द सबनीसांची. त्यांना मंगळवारी गुडघ्याच्या डॉक्टरांना दाखवायला मुंबईला जायचं होतं. दोन महिने वाट पाहून मिळालेली वेळ. कर्जत स्टेशनला सोडायला साईराजची रिक्षा सांगून ठेवली होती. साईराज हा वेळेचा पक्का माणूस. भोंगा झाला की हातातला चहा अर्धा टाकून निघायचा. त्या दिवशीही तो भोंगा झाल्या झाल्या निघाला आणि सबनीस फलाटावर पोचले तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दिसत होता.

“अरे, तू आठ मिनिटं उशीर केलास!” सबनीस ओरडले.

“मी नाय काका, भोंग्यानं केला,” साईराज म्हणाला. “भोंगा का कुणी बदलला तेवढं इचारा जाऊन.”

सबनीसांनी फलाटावरच्या बाकावर बसूनच पोर्टल उघडलं आणि दुसरी तक्रार टाकली, ‘नगरपंचायतीचा भोंगा हल्ली पूर्वीपेक्षा आठ मिनिटे उशिरा वाजतो.’ आता मॅडमच्या टेबलावर एकाच माणसाच्या दोन तक्रारी झाल्या. भोंगा लवकर वाजतो आणि भोंगा उशिरा वाजतो. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून दोनदा वाचले. हसल्या मात्र नाहीत.

बुधवारी अकरा वाजता नगरपंचायतीची सभा होती. नगरसेवक सतरा, म्हणून गजाकडून चौतीस वडे आणून टेबलावर झाकून ठेवले होते. सत्ताधाऱ्यांनी ठरवलेली कुठलीही गोष्ट मानायची नाही हे विरोधी नगरसेवकांचं तत्त्व असल्यामुळे त्यांनी आपली घड्याळं मागे केली नव्हती. ते सात जण जुन्या अकराला आले. सभागृहात कुणी नव्हतं, वडे होते. आठ मिनिटांनी नगराध्यक्ष राजेशशेठ आपल्या माणसांसह आत आले, तेव्हा वर्तमानपत्राच्या कागदावर नुसत्या तळलेल्या मिरच्या उरल्या होत्या.

“हे काय?” राजेशशेठनी विचारलं.

“अकराला सभा होती. आमी अकराला आलो,” विरोधी नेते ओठ पुसत म्हणाले. “तुमीच लेट.”

मग जो गोंधळ झाला तो बाहेरच्या पानटपरीपर्यंत ऐकू गेला. पाण्याच्या नव्या टाकीचा विषय होता तो बाजूला राहिला, आणि सभा तहकूब झाली. इतिवृत्तात ‘वेळेच्या कारणावरून’ असं लिहिलं. वड्यांचा उल्लेख टाळला.

राजेशशेठ तरातरा मॅडमच्या केबिनमध्ये शिरले. दशरथ चहाचा ट्रे घेऊन दाराशी आला आणि आतलं ऐकून तिथंच थांबला.

“मॅडम, हे समदं त्या दशरथमुळं. तीस वर्सं त्यानं गावाला चुकीचा टाइम दावला. तो आधीपासून बरोबर दावला असता तर आज ही येळ आली नसती. नोटीस काढा.”

“घड्याळ बदलायचा आदेश माझा होता, शेठ.”

“असंल. पन फायलीत कुनाचं तरी नाव लागाय पायजे. नायतर पेपरवाले माजं टाकतील. मिरच्यांचा फोटो काढलाय त्यांनी.”

“नाव लागलंच पाहिजे?”

“लागलंच पायजे.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या, “लावते.”

दशरथ चहा तसाच घेऊन मागे फिरला. निवृत्तीला अकरा दिवस राहिले होते. अकरा दिवसांत नोटीस, मग चौकशी, आणि चौकशी लागली की पेन्शनचे कागद अडले. पण त्याला खरं लागलं ते दुसरंच. तीस वर्षांत एक दिवस त्याचा भोंगा चुकला नव्हता. सख्ख्या भावाच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा तो आधी बटण दाबून मग वरातीला गेला होता. आणि आता जाताजाता ‘गावाला फसवणारा’ असा शिक्का घेऊन घरी जायचं, या विचाराने त्याचा घास घशाखाली उतरेना.

घरी बायजा, म्हणजे त्याची बायको, वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“अवो, मंग खरं काय ते सांगत का नाय मॅडमला?”

“इचारलं तर सांगन.”

“तीस वर्सं कुनी इचारलं नाय. आता काय तुमच्या दहाव्याला इचारतील?”

“साहेबाला आपून कसं सांगायचं गं? लहान तोंडी मोठा घास.”

“घास तर तुमच्या गळ्याखाली जात नाय, मोठा काय नि लहान काय,” बायजा म्हणाली. “उद्या जावा नि सांगा. नायतर मी येते.”

बायजा ऑफिसात येते म्हटल्यावर दशरथला धीर आला. गुरुवारी सव्वाआठलाच तो ऑफिसात गेला, तर मॅडम त्याच्याही आधी येऊन बसलेल्या.

“मॅडम, घड्याळाचं सांगायचं हाय. पन हितं नाय सांगता येनार. तेवढं डोंगरावरच्या ठाकूरवाडीवर याल का?”

आधीच्या सातांपैकी कुणीही म्हटलं असतं, ‘लेखी द्या.’ मॅडमनी डायरी बघितली. “साडेनऊला मला ऑनलाइन मीटिंग आहे. तोवर परत येऊ?”

“येऊ की.”

“चला मग,” म्हणून त्या उठल्यासुद्धा. बटण दाबायचं काम हेड क्लार्ककडे दिलं. जीप फाट्यावर उभी केली आणि दोघं पायवाटेने वर चढून वाडीवर पोचले.

वाडीत नऊच्या आधीची घाई चालली होती. इथल्या एकोणीस बायका चौकजवळच्या एका रोपवाटिकेत मजुरीला जात. रोपवाटिकेची बस फाट्यावरून बरोबर नऊला सुटायची, ती मुंबईच्या टाइमने. वाडीतल्या सगळ्यात जुन्या सोनुबाई दारात बसल्या होत्या. त्यांनी मॅडमना बसायला पाट दिला.

“तुमी कोन गं बाय?”

“नगरपंचायतीत आहे मी, आजी. भोंगा माझ्याकडंच आहे.”

“तुज्याकडं हाय व्हय?” सोनुबाई पुढे सरकल्या. “त्येला काय झालं गं? आमच्या पोरी भाकरी करून, पानी भरून, पोराला पाजून भोंग्याची वाट बघतात. मोबाईल बाप्यांजवळ, ते पहाटंच कामाला जातात. भोंगा झाला की निघायचं, खाली जायचं, बस उभी असायची. सोमवारी गेल्या तर बसच नाय. दिवस बुडाला. मंगळवारी काळोखातच जाऊन बसल्या थंडीत, पोरं घेऊन. काल म्हनल्या भोंगा झाला की पळू. पळाल्या, तरी सगळ्या राहिल्या.”

मॅडम काही बोलणार तोच खाली गावात भोंगा वाजला. एका क्षणात वाडी उठली. डबे, पदर, काखेतली पोरं सावरत एकोणीस बायका उतारावरून धावत सुटल्या. मॅडमही ओढणी कमरेला बांधून त्यांच्यामागे धावल्या. पिंपळकोंड नगरपंचायतीच्या स्थापनेपासून कुणी मुख्याधिकारी धावताना दिसले नव्हते. दशरथ एका हाताने टोपी धरून मागून येत होता आणि ‘मॅडम, दगड हाय! मॅडम, हितं ओहोळ हाय!’ असं ओरडत होता. ओहोळात मॅडमचा एक पाय गुडघ्यापर्यंत भिजला, पण त्या थांबल्या नाहीत.

सगळ्या फाट्यावर पोचल्या तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती आणि बस केव्हाच सुटून गेली होती. जना नावाच्या एका पोरीने डबा खाली ठेवला आणि रस्त्याकडेला बसून घेतलं. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि जीपच्या ड्रायव्हरला हाक मारली.

“यांना रोपवाटिकेत सोडून या. दोन खेपा कराव्या लागल्या तर दोन करा.”

“मॅडम, तुमची साडेनवाची मीटिंग...” दशरथने आठवण केली.

“मी चालत जाते.”

ऑफिसकडे चालता चालता दशरथने सगळं सांगितलं. धाप लागली होती, त्यामुळे त्याला लाजायला सवड मिळाली नाही.

“तवा मी नवीन लागलो होतो. पत्र्यावर चढून खटका दाबायला लागायचा. वरून ही वाडी दिसती. भोंगा झाला की वाडीतली पोरं फाट्याजवळच्या शाळंसाठी पळायला लागायची. घड्याळ कुनाकडं होतं? भोंगा म्हंजे निघायचं, एवडंच ठावं. नि हिकडं मास्तर नऊला दार लावायचा, मंग पोरं उनात उभी. मी म्हनलं दोन मिनिटं आधी वाजवू. तरी पळायची. चार केली, सहा केली. आठ केली, तवा पोरं चालत आली.”

मॅडम थांबल्या. “चालत?”

“व्हय. हसत हसत, बोरं खात. मी वरून बघितलं. मंग म्हनलं, आता हेच बरोबर. रोज कुठं ध्यानात ठेवायचं, म्हनून घड्याळच पुढं केलं. आता पोरं सहाआसनी रिक्षानं जातात, पन बायका हायेतच की.”

“हे मला शुक्रवारी का नाही सांगितलंत, मामा?”

“तुमी इचारलं नाय, मॅडम.”

हे उद्धट झालं की काय म्हणून दशरथने जीभ चावली. पण मॅडमनी मान हलवली. “खरं आहे. मी किती दिवसांपासून ते विचारलं. का, ते विचारलंच नाही.” एवढं मोठं पद आणि एवढं सरळ बोलणं दशरथने उभ्या नोकरीत ऐकलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्याने पुन्हा एकदा टोपी सारखी केली.

मीटिंग झाल्यावर मॅडम नाकाला रुमाल बांधून रेकॉर्ड रूममध्ये शिरल्या. ग्रामपंचायतीच्या काळचं दप्तर उंदरांनी आणि वाळवीने वाटून घेतलेलं होतं. चार तासांनी त्या बाहेर आल्या, केसांत जाळी आणि हातात एक पिवळं पडलेलं ठरावबुक घेऊन. त्यांचा चेहरा मात्र असा खुललेला होता की दशरथला वाटलं, बाईंना गुप्तधनच सापडलं.

शुक्रवारी तहकूब सभा पुन्हा भरली. या वेळी वडे मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये कुलूपबंद होते, त्यामुळे सतराच्या सतरा नगरसेवक हजर आणि गप्प होते. सबनीसांनाही मुद्दाम बोलावलं होतं.

“भोंग्याबद्दल दोन तक्रारी आहेत,” मॅडमनी सुरुवात केली. “लवकर वाजतो आणि उशिरा वाजतो. म्हणून मी मूळ ठराव काढला. वाचते. ‘सकाळी व सायंकाळी, लोकांचे सोयीने, भोंगा वाजविणेत यावा.’ संपला ठराव.”

“आनि टाइम?” राजेशशेठनी विचारलं.

“ठरावात वेळ नाही. नऊ हा आकडा कुठंच नाही. नऊचा भोंगा या गावात कधीच नव्हता, शेठ. आपण सगळे तसं धरून चाललो होतो. लिहिलंय फक्त, लोकांचे सोयीने. आणि लोकांची सोय किती वाजता आहे ते मी काल स्वतः धावून बघितलंय. तेव्हा सोमवारपासून भोंगा आठ बावन्नला वाजेल. तसा आदेश काढलाय.”

“म्हंजे पयल्यावानीच?”

“पहिल्यासारखाच. आता तो नियमात बसतो, एवढंच.”

सबनीस उभे राहिले. “पण मॅडम, माझी तक्रार अशी होती की नऊचा भोंगा आठ बावन्नला...”

“तो नऊचा नाही, सबनीसकाका. आठ बावन्नचा आहे. आठ बावन्नचा भोंगा आठ बावन्नला वाजला, तर तो लवकर आहे का?”

“नाही.”

“उशिरा आहे?”

“नाही.”

सबनीसांनी सवयीने मनगटाकडे पाहिलं, पण घड्याळाकडून काही मदत मिळाली नाही. मग ते मोकळेपणाने हसले. “मान्य. दोन्ही मागे घेतो. साईराज वेळेवर आला म्हणजे झालं.”

विरोधी नेत्यांनी, भोंगा पूर्ववत झाला हा आपल्या आंदोलनाचा विजय आहे, असं जाहीर केलं. राजेशशेठनी, हा निर्णय आपल्याच मार्गदर्शनाखाली झाला, असं जाहीर केलं. मॅडमनी दोघांचंही लिहून घेतलं आणि केबिनचं कुलूप उघडायला सांगितलं. वडा खाताना राजेशशेठना पुन्हा आठवण झाली.

“मॅडम, त्या नावाचं काय झालं?”

“काढलीय नोटीस. आजच पोचेल.”

दशरथने हातातली वड्यांची परात खाली ठेवली. आपलं ऐकून घेतलं, वाडीपर्यंत आल्या, ओहोळात पाय भिजवला, आणि तरी नोटीस? पण असेलही. नियम तो नियम, असं त्याने मनाला समजावलं. सभा संपल्यावर मॅडमनी त्याला आत बोलावलं आणि एक बंद लिफाफा पुढे केला.

“हे पोचवा, मामा. आणि पोहोच घ्या.”

दशरथने लिफाफा हातात घेतला. वर स्वतःचं नाव वाचायला त्याला धीर होत नव्हता. शेवटी एक डोळा बारीक करून त्याने पाहिलं. लिहिलं होतं, ‘प्रति, श्रीमती हर्षला निकम, मुख्याधिकारी. विषय: भोंग्याची वेळ बदलण्यापूर्वी कारणाची चौकशी न केल्याबाबत.’ खाली पाठवणाऱ्याचं नाव होतं, तेही श्रीमती हर्षला निकम, मुख्याधिकारी.

“मॅडम,” तो अडखळला, “ही तर तुमचीच हाय. तुमीच तुमाला धाडली?”

“शेठना फायलीत नाव पाहिजे होतं ना? चूक ज्याची, त्याचं नाव लागलं.”

“मंग माजं?”

“तुमचं कशाला लागेल?” मॅडम म्हणाल्या. “तुमचे पेन्शनचे कागद सकाळीच सही करून पुढे पाठवलेत. आता नोटीस पोचवा.”

“पन तुमी हितंच समोर बसलाय की.”

“तरी पोहोच लागते. नियम आहे.”

नियम आहे म्हटल्यावर दशरथ नीट बाहेर गेला. आवक-जावकच्या कपाटातून त्याने पोहोचवही काढली, दारावर टकटक केली, ‘आत येऊ का’ विचारलं, लिफाफा टेबलावर ठेवला आणि वही उघडून पुढे सरकवली. हसू आणि रडू एकाच वेळी येत असल्यामुळे त्याचा चेहरा वेडावाकडा झाला होता. मॅडमनी वहीत सही केली.

“येळ टाका, मॅडम,” दशरथ म्हणाला. “येळंबिगर पोच धरत नाय.”

मॅडमचं पेन थांबलं. “कुठली टाकू? मुंबईची की गावची?”

“गावचीच टाका,” दशरथ म्हणाला. “तुमी आता गावच्या.”

मॅडमनी मोबाईल पाहिला, बोटांवर मोजून त्यात आठ मिनिटं मिळवली आणि वेळ लिहिली.